मधल्या पानाची दांडी

पहाटे 4.30

कोठ्यात बल्ब लागतो. दोन गाई, एक कालवड, एक गोऱ्हा. संक्रांत होऊन चार दिवस झालेत, पण सेलू तालुक्यात थंडी अजून उतरलेली नाही. बोर धरणाच्या कालव्यालगतचं गाव, त्यामुळं ओल जास्त आणि गारवाही जास्त. मावशी पदर खोचून शेण ओढायला लागतात. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणतं. वय बावन्न-त्रेपन्न. सहा टोपली शेण भरायचं आणि उकिरड्यावर टाकून यायचं. शेण कोमट असतं, त्यानं आखडलेली बोटं मोकळी होतात.

एक गाय गवळाऊ आहे. पांढरी, उंच पायांची, चपळ. ही खास वर्धा-नागपूर भागाची जात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे. दुसरी संकरित जर्सी. धार मावशींचे मालक काढतात. त्यांचा उजवा गुडघा गेलाय, उकिडवं बसवत नाही, म्हणून पाटावर बसतात. जर्सी सकाळी पाच लिटर देते, गवळाऊ दीड. जर्सीला दिवसाला चार किलो ढेप लागते. गवळाऊचं किलोभर ढेपेवर आणि वरच्या चाऱ्यावर भागतं. ढेप छत्तीस रुपये किलो.

सकाळी 5.50

दूधगाडी येते. सहा लिटर मापात जातं, अर्धा लिटर चहाला घरी राहतं. चौतीस रुपये लिटरनं दोनशे चार रुपये. गाडीवाला वहीत आकडा टाकतो, पैसे दहा दिवसांनी.

सकाळी 6.40

उजाडायच्या आत दोघी वावरात पोचतात, मावशी आणि सून. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात ठेक्यावर आहे, पंधरा दिवसांनी एकदा येतो. घरचं वावर दोन एकर. त्यातलं एक एकर ओलित, आणि त्यातले दहा गुंठे बरसीम.

बरसीम गुडघ्याच्या खाली आहे. दुसरी कापणी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलं, पन्नासेक दिवसांनी पहिली कापणी झाली, आता दर वीस-पंचवीस दिवसांनी एक. उन्हाळ्याचा ताव लागेपर्यंत ते असं फुटत राहतं. मावशी डाव्या हातात मूठ धरतात आणि विळा जमिनीपासून चार बोटं वर फिरवतात. खाली कापलं तर फुटवा मरतो. सुनेचा विळा जरा खाली जातो आणि मावशी मागं न पाहताच म्हणतात, “वरून घे वो, मुळाशी नोको जाऊ.” आवाजावरून कळतं त्यांना.

बरसीम म्हणजे इजिप्तचा क्लोव्हर. इंग्रज अमदानीत, गेल्या शतकाच्या सुरुवातीला, तो तिथून भारतात आणला गेला. आज उत्तरेत मैलोन्मैल पेरला जातो. विदर्भात ज्याच्याकडं पाणी आहे त्याच्याकडंच. क्लोव्हरची खरी जात, शास्त्रातलं ट्रायफोलियम, आपल्या काळ्या मातीत आपोआप उगवलेली सापडत नाही. त्यातल्या आपल्या देशी जाती हिमालयाच्या गारव्यात राहतात. इथं दिसेल ते बी विकत आणून पेरलेलं, नाहीतर मागच्या पेऱ्यातून सांडलेलं.

विकत आणलेल्या बियासोबत न मागितलेलंही येतं. कापता कापता मावशी एक झाड मुळासकट उपटतात. रुंद पानं, चिकासारखा पांढरा रस. कासनी. निळं फूल यायच्या आधीच ओळखावी लागते, कारण एकदा बी धरलं की पुढच्या वर्षीचं बरसीम तिचंच. बी लहान, बरसीमच्या बियात मिसळून जातं. पेरायच्या आधी मावशींनी दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ विरघळवलं होतं आणि त्यात बी ओतलं होतं. कासनीचं बी तरंगतं, बरसीमचं बुडतं. वरचं गाळून चुलीत टाकलं, खालचं दोन पाण्यांनी धुऊन सावलीत सुकवलं. तरीही दोन-चार बिया सुटल्याच. तीन किलो बियाला साडेचारशे रुपये पडले होते. मीठ वेगळं.

सकाळी 7.50

दोन भारे घरी. बरसीम एकट्यानं घालायचं नाही, गाईचं पोट फुगतं. सून ते सोयाबीनच्या कुटारात मिसळते. एक पाटी हिरवं, दोन पाट्या कुटार.

सकाळी 8.15

चुलीवर भाकरी, गॅसवर वांग्याची भाजी. सिलिंडर दोन महिने पुरवायचं ठरलंय, म्हणून भाकरी चुलीवरच. डब्यात तीन भाकरी, भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तिळाचा एक लाडू. पाण्याची दोन लिटरची बाटली. खुरपं पदरात गुंडाळून. हे खुरपं गावातल्याच लोहाराचं, मोटारीच्या पाट्याच्या तुकड्यातून ठोकलेलं. मूठ बाभळीची, ती दोनदा बदलली. पातं तेच.

सकाळी 9.30

दहा बाया कालव्याच्या पाळीवरून निघतात. टोळी मावशींची. कोणत्या वावरात किती बाया लागतील, रोज काय ठरला, पैसे कधी मिळतील, हे सगळं त्या पाहतात. त्याचे त्यांना जास्तीचे पैसे नाहीत. रोज सगळ्यांचा सारखा, दोनशे पन्नास.

आजचं वावर तीन एकर गव्हाचं. यंदा कालव्याला पाणी उशिरा सुटलं, पेरा नोव्हेंबरच्या अखेरीस झाला, म्हणून जानेवारीचा मध्य उलटला तरी गहू अजून घोट्याच्या थोडाच वर. शेजारी त्याच मालकाचा एक एकर चना. काल अर्धं एकर गहू निंदून झाला, आज एक एकर व्हायला हवा.

सकाळी 10.00

बाया ओळीत बसतात. दोघींमध्ये हातभर अंतर. उकिडवं बसायचं, पुढं सरकायचं, पुन्हा बसायचं. खुरप्याचं टोक तणाच्या मुळाशी घालून हलकासा हिसका. गव्हाच्या मुळाला धक्का लागला तर ते रोप दुपारपर्यंत मान टाकतं, आणि मालक संध्याकाळी मोजतो.

पहिल्या तासात बोलणं कमी. हात गरम व्हायचे असतात.

मी मावशींच्या डाव्या हाताला बसलेय. माझ्याकडं दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे आणि जुनी वर्तमानपत्रं, नमुने दाबून ठेवायला. या भागातली तीन पानांची रानटी झाडं मला पाहायची आहेत: कोणती इथलीच, कोणती कुणी आणलेली, कोणती चुकून आलेली. या कामाला पुस्तकं लागतातच, पण गव्हात वीतभर उंचीच्या, फूल नसलेल्या रोपापुढं पुस्तक फार मदत करत नाही. पुस्तकातली किल्ली फूल आणि शेंग मागते. निंदणाऱ्या बाईला तोवर थांबता येत नाही.

सकाळी 10.50

मावशी एक रोप उपटून माझ्या तळहातावर ठेवतात. तीन पानं. शेजारी घरून आणलेली बरसीमची काडी. तीही तीन पानांची.

“हे पाय जी. मधल्या पानाले दांडी हाय का?”

पाहते. रानातल्या रोपाचं मधलं पान बाकीच्या दोघांपेक्षा थोडं पुढं आहे, त्याला स्वतःचा बारीक देठ आहे. बरसीमची तिन्ही पानं एकाच ठिकाणाहून निघालेली.

“दांडी हाय त रानमेथी. न्हाई त बरसीम.”

वनस्पतिशास्त्राच्या वर्गात हेच शिकवतात. क्लोव्हरची तिन्ही पर्णिकं एका बिंदूतून, आणि मेलिलोटस, मेथी, लसूणघास या जवळच्या भावकीत मधल्या पर्णिकेला वेगळा देठ. भिंगाखाली आणखी दिसतं: रानमेथीच्या पानाची कड बारीक करवतीसारखी, जवळजवळ तळापर्यंत. लसूणघासाची कड फक्त टोकाला दातेरी. मावशींना भिंग दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं, करवत पाहिली, “आस्सं” म्हणाल्या आणि परत दिलं. मग तेच पान अंगठ्याच्या नखावरून उलटं ओढलं. करवत नखालाही लागते.

सकाळी 11.30

ओळ निम्म्यावर. मावशींच्या ओटीत दोन भाग झालेत. उजवीकडं जनावर खातं ते, डावीकडं धुऱ्यावर फेकायचं ते.

उजवीकडं रानमेथी सगळ्यात जास्त. ही पिवळ्या फुलाची, मेलिलोटस इंडिकस. भूमध्य समुद्राच्या काठापासून हिंदुस्थानापर्यंत तिचं मूळ घर मानतात, म्हणजे तिला परकी म्हणता येत नाही. पंजाबात ती सेंजी या नावानं चाऱ्यासाठी पेरतात. इथं ती गव्हातलं तण आहे, कारण तिचं बी गव्हासोबत कापलं जातं, मळलं जातं, आणि दळणात गेलं तर पिठाला वास येतो. व्यापारी मूठभर गहू नाकाशी नेतो आणि भाव पाडतो.

उजवीकडंच चंदनबटवा, कोवळा. तो मात्र जनावराच्या आधी माणसाचा. प्रत्येक बाईच्या ओटीच्या कोपऱ्यात त्याची वेगळी मूठ आहे. इथून वर्धा अर्ध्या तासावर. तिथं मगनवाडीत राहत असताना 1935 साली गांधीजींनी गावात फुकट मिळणारा हिरवा पाला कच्चा खाऊन पाहिला होता आणि त्यावर ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं. बाया तो कच्चा खात नाहीत. तुरीच्या डाळीत शिजवतात.

डावीकडं गाजरगवत. अमेरिकेतलं. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि पुढं देशभर पसरलं. त्याला मावशी उघडा हात लावत नाहीत. पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळून उपटतात. टोळीतल्या एकीच्या कोपरापासून मनगटापर्यंत चट्टे आहेत, उन्हाळ्यात ते फुटतात. पिवळा धोतराही डावीकडं. तोही मेक्सिकोकडचा, काटेरी, त्याचं बी मोहरीत गेलं तर माणसं सुजतात. हरणखुरीची वेल मुळासकट निघत नाही, तुटते आणि आठ दिवसांनी पुन्हा येते. तिला बाया दोनदा शिव्या देतात, एकदा आज आणि एकदा पुढच्या आठवड्यात.

मी विचारलं, बाहेरून आलेलं आणि इथलं असं तुम्ही वेगळं धरता का?

“आमी पायतो गाय काय करते ते. तोंड लावते का मान फिरवते. बरसीमबी बाहेरचंच नं जी, दुकानातून आनलं. खाते त खाते.” थोडं पुढं सरकून, “पन हे गाजर आमच्या सासूच्या येळी नव्हतं. थे मले ठाव हाय.”

सासूच्या वेळी काय होतं आणि काय नव्हतं, ही नोंद कुठल्या कपाटात नाही. ती या ओळीत आहे. वर्धा जिल्ह्यातलं एखादं झाड केव्हा आलं हे मला हवं असेल, तर ज्यांनी चाळीस वर्षं जमिनीपासून हातभर अंतरावर डोळे ठेवून काढली त्यांनाच विचारावं लागेल. त्यांना कुणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुपारी 12.40

ऊन चांगलं लागतं आता. स्वेटर धुऱ्यावरच्या बाभळीला. मालकाचा गडी चहा घेऊन येतो, स्टीलच्या किटलीत, खूप गोड. कपभर उभ्यानं. पाठ सरळ करायची तेवढीच संधी.

दुपारी 1.30

जेवण. कालव्याच्या पाटात हात धुताना मावशी पाण्यालगतची चार पानांची वेल दाखवतात. चार पानं फुलीसारखी. शहरातल्या मुलांना हे दाखवलं तर चारपानी क्लोव्हर म्हणून वहीत ठेवतील. हा मार्सिलिया, नेच्याच्या वर्गातला, फूल कधीच येत नाही. शेजारीच आंबुटी. तिचीही तीन पानं, पण प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं, मधोमध घडी पडलेलं, आणि चवीला आंबट. शेंगवर्गाशी तिचा संबंध नाही. आंबुटीची फळं पिकली की हात लावताच तडकतात. एक पोरगी, टोळीतली सगळ्यात लहान, आंबुटीची पानं ठेच्यावर टाकून खाते.

भाकरी सगळ्यांच्या डब्यातून सगळ्यांकडं फिरते. मी आणलेलं गोरस पाकाचं पाकीट फोडलं. वर्ध्याच्या गोरस भंडाराची ती जाड, तुपाळ बिस्किटं दहाजणींत पुरली. मावशींनी आपलं अर्धं पदराला बांधलं, नातवासाठी.

दुपारी 2.15

दुसरी पाळी जड जाते. पोट भरलेलं, उकिडवं बसलं की बरगड्यांना टोचतं. बोलणं आता वाढतं: कुणाच्या पोरीला पाहायला कोण आलं, बचत गटाचा हप्ता, कापसाचा भाव. वेचणीला गेलं तर किलोवर पैसे मिळतात आणि चपळ बाई निंदणापेक्षा जास्त कमावते, पण आता शेवटचा फरतड राहिला, बोंडं लहान, बोटं सोलतात.

दुपारी 3.00

धुऱ्यालगतच्या कोपऱ्यात ओल साचते. तिथं वेगळंच काही. रानमेथीसारखंच, पण जमिनीला धरून पसरलेलं. मावशी थांबतात. खुरपं खाली ठेवून रोप उलटं करतात आणि पानाचा देठ जिथं काडीला मिळतो तिथं नख लावतात. भिंगाखाली पाहिलं: देठाच्या बुडाशी दोन लहान उपपर्णं, कड फाटलेली, चिंध्या केल्यासारखी. रानमेथीची उपपर्णं सुईसारखी, साधी असतात. हे मेडिकॅगो, लसूणघासाचं रानटी भावंड. आणखी महिन्याभरात याला शंखासारखी वळलेली शेंग येईल, काट्यांची. मेंढराच्या लोकरीत ती अडकते. या जातीनं अर्धं जग असंच पालथं घातलं, लोकरीतून आणि धान्याच्या पोत्यातून.

“हे मेंढरावाल्याईनं आनलं,” मावशी सांगतात. दिवाळीनंतर मेंढपाळांचे कळप इथून जातात, कापणी झालेल्या वावरात रात्रभर बसवतात, मालक त्याचे पैसे देतो, कारण लेंड्यांचं खत पडतं. या कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वी कळप बसला होता. मी तारीख, जागा आणि ओलीचं प्रमाण लिहून घेते. रोप वर्तमानपत्रात जातं. “गाय खाते का?” मी विचारते. “कवळं असलं त खाते. काटे आले का न्हाई.”

त्याच धुऱ्याच्या कोरड्या अंगाला पावसाळ्यातली झाडं वाळून उभी आहेत. त्यातला शेवरा निःसंशय इथलाच. त्याला एकेकटं पान, तीन नाहीत, तरी इंग्रजीत याच्या एका जातीला क्लोव्हर म्हणतात. मण्यांसारख्या जोडांची शेंग बोटात धरली की एकेक मणी सुटतो. भाद्रपदात गवळाऊ गाय धुऱ्यावरचं गवत सोडून आधी शेवरा खुडते. मावशींनी मणी मुठीत घेतले आणि चालता चालता आपल्या नाही, मालकाच्याच धुऱ्यावर पुढं टाकले. “पुढल्या पावसात येते.” धुरा कुणाचाही असो, गवत कापून नेणाऱ्या त्याच असतात.

दुपारी 4.00

मालक मोटारसायकलवर येतो. तिशीतला, शिकलेला, बोलायला चांगला. निंदलेल्या भागातून चालत जातो, दोन ठिकाणी वाकतो. काम स्वच्छ आहे. एक एकर होत आलंय. पण तो मोबाईलवर हिशोब करून बसलेला आहे.

कालच्या आणि आजच्या दीड एकराला पंधरा रोज लागले. काल पाचजणी, आज दहा. तीन हजार सातशे पन्नास रुपये. उरलेल्या दीड एकराला कृषी केंद्रात मेटसल्फ्युरॉनचं पाकीट आहे. एकरी आठ ग्रॅम. आठ ग्रॅम म्हणजे चहाचे दोन चमचेही नाहीत. औषध एकरी दोनशेच्या आत, फवारणारा पंपामागं पन्नास घेतो, एकराला दहा पंप. दीड एकर हजार-अकराशेत होतं, आणि एका सकाळीत.

“मावशी, उद्या गहू नको. चन्याले चार बाया द्या.” चन्यावर हे औषध चालत नाही. गव्हाला काही होत नाही, रुंद पानाचं सगळं जळतं, चनाही जळतो. म्हणून गव्हाच्या कडेच्या चन्याची त्याला काळजी आहे: “वारा पडलेला असतानाच मारतो, सकाळी.”

मावशी काही बोलत नाहीत. ओळ पुरी करतात.

सायंकाळी 5.00

रोज मिळतो. दहाजणींचे अडीच हजार, पाचशेच्या पाच नोटा, सुट्टे नाहीत. मावशी त्या कमरेच्या बटव्यात ठेवतात. गावातल्या किराणा दुकानात मोडतील, दुकानदार मोडायच्या बदल्यात प्रत्येकीनं काहीतरी घ्यावं अशी अपेक्षा ठेवतो. चहापत्तीची पुडी, खोबरेल तेलाची लहान बाटली, घरच्याचा खर्रा.

सायंकाळी 5.20

उजेड आणखी अर्धा तास. बाकीच्या निघतात. मावशी कालव्याच्या पाळीवर उतरतात. इथली रानमेथी गव्हातल्यापेक्षा जुनी, पाणी झिरपतं तिथली, फुलावर आलेली. बारीक पिवळी फुलं, लांब दांडीवर, एकेक तांदळाच्या कणीएवढं. खालची फुलं गळून शेंगा धरलेल्या: गोल, सुरकुतलेल्या, एका बियाच्या. इथं पुस्तक आणि मावशी एका मताचे होतात. पाच पावलांवर पांढऱ्या फुलाची, कमरेच्या वर गेलेली. ही मेलिलोटस अल्बस, फूल दुप्पट मोठं, काडी टणक. मावशी ती सोडून देतात. गाय पानं ओरबाडते, काड्या टाकते, आणि काड्या कोठ्यातून झाडायला पुन्हा मावशीच.

पिवळीचा भारा बांधला. चुंबळ करून डोक्यावर. दहा-बारा किलो असेल.

सायंकाळी 6.10

अंधार पडतो. घरी भारा सोडून ओसरीवर पसरला जातो. ढीग करायचा नाही, एका बोटाएवढा थर. सून पुन्हा पुन्हा हात घालून उलटते. ओल राहिली, बुरशी धरली, तर टाकून द्यायचं. हा नियम मावशींच्या सासूचा. असलं बुरशीचं खाऊन गोऱ्ह्याच्या नाकातून रक्त येतं, थांबत नाही, असं सासू सांगायची.

हा नियम दुसरीकडं मोठ्या किमतीत शिकावा लागला. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावानं मरायला लागली. शिंग कापलं तरी रक्त गोठत नव्हतं. तिथल्या पशुवैद्यांनी कारण शोधलं: बुरशी आलेला मेलिलोटसचा वाळलेला चारा. फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, दुधाच्या डब्यात न गोठलेलं रक्त आणि खराब चारा घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. सहा वर्षांनी, 1939 मध्ये, त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं झालं. झाडातलं गोड वासाचं कूमारिन बुरशीमुळं डायकूमारॉल होतं. त्यापासून पुढं वॉरफरिन आलं, 1948 मध्ये उंदीर मारायला आणि काही वर्षांनी माणसांच्या औषधात. हृदयाची झडप बदललेली अनेक माणसं आज ती गोळी रोज घेतात, रक्तात गाठ होऊ नये म्हणून. मी हे सगळं ओसरीवर बसून सांगितलं. सुनेनं हात थांबवून ऐकलं. मावशी म्हणाल्या, “मंग सासू खरंच बोलत होती.” आणि थर आणखी पातळ केला.

ताजी रानमेथी दोन पाट्या गव्हाणीत गेली. त्या दिवशी ढेप किलोभर कमी लागते. छत्तीस रुपये वाचतात.

सायंकाळी 6.50

संध्याकाळची धार. जर्सी चार, गवळाऊ एक. एक लिटर घरी, चार गाडीला, एकशे छत्तीस रुपये. दिवसाचं दूध तीनशे चाळीस, त्यातून ढेप आज एकशे चव्वेचाळीस. उरले एकशे शहाण्णव. मावशींचा रोज अडीचशे. यातून बरसीमचं बी, जनावराचा डॉक्टर, नातवाची शिकवणी, गुडघ्याचं मलम. कोठ्यातल्या शेणाला आणि दिवसभराच्या कापणीला यात दर नाही.

रात्री 8.15

चंदनबटव्याची डाळभाजी. भाकरी. बातम्या चालू, आवाज बंद.

मावशी फोन उचलतात आणि मालकाला लावतात. गहू फवारायचा तर फवारा, पण त्या दीड एकरातली रानमेथी आधी आम्हाला काढू द्या. औषध मारल्यावर ती गुरांना घालता येत नाही, आणि तुमच्या तरी काय कामाची. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग तो म्हणतो की काढायचे पैसे मिळणार नाहीत. मावशी म्हणतात, मागितले कोणी. फक्त वेळ सांगा.

“पंप सातले येते.”

“मंग आमी पाचले येतो.”

“अंधारात काय दिसते तुमाले?”

“हाताले दिसते,” मावशी म्हणतात, आणि फोन ठेवतात.

रात्री 8.40

आता चना. चार बाया सांगितल्यात, टोळी दहाची. मावशी बोटांवर मोजतात. जिच्या हातावर चट्टे आहेत ती चन्याला येईल, तिथं गाजरगवत कमी. जिचा नवरा आजारी आहे ती येईल. ती लहान पोरगी येईल, तिची परीक्षेची फी भरायची आहे. चौथ्या जागेवर त्या स्वतः जाऊ शकल्या असत्या. त्या जागेवर शेजारणीचं नाव सांगतात.

उरलेल्या सहाजणींमध्ये मावशीही आल्या. बाकीच्या पाचजणींना निरोप द्यायला त्या शाल घेऊन बाहेर पडतात. फोनवर हे सांगत नाहीत. प्रत्येकीच्या दारात उभं राहून सांगतात, आणि सोबत विचारतात, पाचला रानमेथी काढायला येतेस का, गाय तुझ्याकडंही आहे. दोघी हो म्हणतात.

रात्री 9.20

सून पीठ चाळून ठेवते. मावशी विळे दगडावर घासतात, तीन विळे, शेजारणीचा एक धरून. बॅटरी चार्जिंगला लावतात. मोबाईलचा गजर साडेतीनला.